चुलीचा टाइम

गेल्या महिन्यात मिलच्या फाटकावर मुनीमानं सांगितलं, आता पाळी बारा तासांची. ज्याला जमते त्यानं सही करा, ज्याला नाही जमत त्यानं दुसरीकडं पाहा. चार तासांचे वर दोनशे रुपये. घरी येऊन बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती पैशाचं विचारील. ती म्हणाली, "बारा तास तुमी मिलात, मी सकाळपासून निंदाले. मंग सैपाक कोन्त्या टायमाले करायचा?"

मी कविता लिहिणारा माणूस. दहावीनंतर शाळा सुटली, पुढचं वाचन विहारातल्या कपाटातल्या पुस्तकांवर झालं. मोठ्या मोठ्या प्रश्नांवर मी लिहिलं आहे. या प्रश्नावर मात्र मुका झालो. रात्रभर विचार केला, तेव्हा ध्यानात आलं की हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही. हा प्रश्न आपल्या वस्तीतल्या प्रत्येक चुलीनं दीडशे वर्षं विचारला आहे. इतिहास लिहिणाऱ्यांना तो ऐकू आला नाही, कारण ते जेवायला बसले होते.

म्हणून हा लेख. दोस्तहो, यात राजे नाहीत. वाशीम ही वाकाटकांची राजधानी होती, तिचं जुनं नाव वत्सगुल्म, हे शाळेत शिकवलं. त्या राजधानीत ज्वारी कोण दळत होतं ते शिकवलं नाही.

सुरुवात येसकराच्या भाकरीपासून करतो. आजी सांगायची, तिच्या सासऱ्याकडं येसकरकीची पाळी असे तेव्हा घरची चूल कमीच पेटायची. सांजच्याला तो पाटी घेऊन गावात फिरायचा. प्रत्येक दारातून वरून भाकरीचा तुकडा पडायचा. कोणाचं कोरड्यास, कोणाचं आंबलेलं वरण, सगळं एकत्र. घरी आलं की वाटून खायचं. आजच्या हिशोबानं पाहिलं तर झकास व्यवस्था. पैसा लागत नाही, सरपण लागत नाही, वेळ लागत नाही.

पण त्या भाकरीचं बिल दुसरीकडं फाटत होतं. सरकारी माणूस आला, येसकर पळाला. कोणाच्या घरी मयत झालं, सांगावा घेऊन येसकर रातोरात दुसऱ्या गावी. ढोर मेलं, येसकर हजर. दिवस त्याचा नाही, रात्र त्याची नाही. दुनियेतली सगळ्यात महाग भाकर आमच्या बापजाद्यांनी खाल्ली आणि गावानं तिला फुकटची म्हटलं.

मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, मागून आणलेली भाकर सोडा. आपण ही गोष्ट अभिमानानं सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. पण चुलीपाशी बसून तिच्याकडं पाहा. ज्या दिवशी घरच्या माणसानं पाटी खाली ठेवली, त्या दिवशी घरच्या बाईला जातं ओढावं लागलं. मजुरी करून ज्वारी आणायची, कोंबडा आरवायच्या आधी उठून दळायची, पाणी आणायचं, पऱ्हाटी-तुऱ्हाटी गोळा करून चूल पेटवायची, मग भाकर. आपल्या स्वाभिमानाचा पहिला हप्ता बाईच्या मनगटानं भरला. त्याची पावती कुठं नाही.

आता ज्वारी कुठून येत होती ते पाहा. १८५३ ला निजामानं वऱ्हाड इंग्रजाच्या ताब्यात दिलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी लढाई चालली, तिथला कापूस विलायतेत येईना, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या. मग वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली. पुढं आपल्या कारंज्यावरूनसुद्धा छोटी गाडी धावली, यवतमाळ ते मूर्तिजापूर, जिला लोक शकुंतला म्हणतात. तिचं मुख्य काम कापूस वाहायचं. जिथं ज्वारी होती तिथं पऱ्हाटी चढत गेली. ज्वारी घरात राहते, कापूस घरात राहत नाही. कापूस विकून पैसा येतो आणि त्या पैशानं ज्वारी विकत घ्यावी लागते. ज्याच्याजवळ शेत नाही त्याला तर मजुरीच्या पैशातूनच. १८९९-१९०० चा दुष्काळ वऱ्हाडावर पडला तेव्हा कापसाच्या या श्रीमंत मुलखात माणसं अन्नावाचून मेली. रेल्वे होती, बाजार होता, पेढ्या होत्या. मजुराच्या हातात दाण्याचा भाव नव्हता.

हे जुनं झालं म्हणू नका. आमचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला, मीही त्याच सुमाराचा. मी कळता झालो तेव्हापासून शेतात पाहतो ते सोयाबीन. सोयाबीन आमच्या चुलीवर शिजत नाही. ते मोंढ्यात जातं, तेलाच्या कारखान्यात जातं. ज्वारीचे धांडे दिसेनासे झाले. आणि २०२४-२५ ला संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये, गव्हाचा २२७५. ज्या भाकरीला हलकं अन्न म्हणून नाकं मुरडली, ती आता शहरात साखरेच्या आजाराची पथ्याची भाकर झाली. आमच्या ताटात रेशनचा गहू-तांदूळ. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे आणि त्यानं पोटाला आधार आहे, हे मी नाकारत नाही. पण काय खायचं हे आम्ही ठरवलं नाही, एवढं लिहून ठेवतो.

आता गिरणीकडं येतो. पोट आणि टाइम यांचं भांडण मालकापुढं पहिल्यांदा मांडलं ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरली. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंत. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. अर्धा तास! म्हणजे भाकर गिळायलाही वेळ मागावा लागत होता. रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडलं.

त्याच्या पुढचे आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत. १९११ च्या कायद्यानं कापड गिरणीतल्या पुरुषाला दिवसाला जास्तीत जास्त १२ तास. १९२२ ला ११. १९३४ ला १०. बाबासाहेब मजूर मंत्री होते त्या काळात बिल आलं आणि १९४६ ला ते ९ झाले, आठवड्याचे ५४ वरून ४८. पस्तीस वर्षांत तीन तास कमी झाले. एकेका तासासाठी संप झाले, डोकी फुटली, माणसं कामावरून गेली. आणि सप्टेंबर २०२५ ला राज्याच्या मंत्रिमंडळानं कारखान्यातले रोजचे तास ९ वरून १२ करायला मंजुरी दिली, तिमाहीचा ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४. कामगाराची लेखी संमती पाहिजे म्हणे. ज्याच्या घरात पीठ नाही त्याची संमती कशी असते ते फाटकावर उभं राहून पाहा. पस्तीस वर्षांत जे मिळवलं ते एका बैठकीत १९११ ला नेऊन सोडलं.

आता तुम्ही म्हणाल, जमाना बदलला. जातं गेलं, चक्की आली. गॅस आला, कुकर आला. बाईचा वेळ वाचला. खरं आहे. चक्कीची टुकटुक ऐकून आजी म्हणायची, "हे इंजन नाही बापू, हे माह्ये हात हायेत." पण प्रत्येक वाचलेल्या तासाची किंमत रोख द्यावी लागली. जातं फुकट होतं, दळणाला पैसे पडतात. तुऱ्हाटी बांधावर होती, सिलिंडर विकत आहे. मे २०१६ पासून उज्ज्वलाची जोडणी गरिबाच्या घरात आली, धूर कमी झाला. पण २०२३ च्या सुरुवातीला सिलिंडर अकराशेच्या वर गेला तेव्हा कितीतरी घरांत शेगडीवर कापड टाकून ठेवलं आणि चूल पुन्हा सारवली.

म्हणजे वेळ वाचवायला पैसा पाहिजे, पैसा कमवायला वेळ पाहिजे. ज्याच्याकडं दोन्ही नाही तो शरीर देतो.

आपल्या बायका या कोंडीत हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. वाळवण म्हणजे काय? उन्हाळ्यात काम नसतं, तेव्हाचा वेळ वाळवून डब्यात भरायचा आणि निंदणाच्या दिवसांत काढायचा. वड्या, वाळल्या गवारीच्या शेंगा, वाळली अंबाडी. आमच्या घरी मोठ्याच्या मांसाच्या चान्याही असायच्या. एकदा वाळवल्या की महिनोन् महिने टिकत, चुलीच्या आरावर भाजल्या की भाकरीसोबत दोन मिनिटांत जेवण. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातलं आपलं खाणं लिहून ठेवलं. त्याच साली मार्चात बैल-वळूच्या कत्तलीवर राज्यात बंदी आली. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात ताकदीचं आणि सगळ्यात कमी वेळाचं जेवण गुन्हा ठरलं. त्याच साली तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली. दोन्ही वाटा एकाच वर्षी बंद.

मी दालमिलात काम करतो. तुरीला तेल-पाणी लावतो, वाळवतो, भरडतो, फटका डाळ कट्ट्यात भरतो. ती डाळ शहरात जाते. चुणी ढोराच्या वैरणीला जाते. माझ्या घरी शिजते ती तुकडा डाळ. ती स्वस्त पडते आणि लवकर शिजते, जळतण कमी लागतं. हे शहाणपण मला कोणत्या पुस्तकानं नाही दिलं. मायनं दिलं. ती म्हणते, "तुकडा असो का अख्खी, पोटात गेल्यावर दोन्हीचं वरणच होते." तेल मात्र आम्ही अजून पुडीनं आणतो. पिपा घेतला तर स्वस्त पडतो हे समजतं, पण पिप्याचे पैसे एका वेळी जमत नाहीत. गरीब माणूस महाग खातो, तो असा.

आता त्या दोनशे रुपयांचा हिशोब. बायकोनं मांडला, मी फक्त लिहिला. मी बारा तास मिलात राहिलो तर माझा चहा-नाश्ता तीस. माझ्या मायचे गुडघे गेले, ती लेकीला सांभाळते, चुलीपाशी बसू शकत नाही. म्हणून बायकोला शेतातून तासभर आधी यावं लागणार, मजुरीतून पन्नास कटणार. तुऱ्हाटीपाशी बसायला फुरसत नाही म्हणून गॅस, वीस. आणि ज्या सांजेला तिच्यानं होणार नाही त्या सांजेला नाक्यावरची भजी-पाव, रोजची सरासरी साठ. एकशेसाठ झाले. उरले चाळीस. चार तासांचे चाळीस रुपये, म्हणजे तासाला दहा. ओव्हरटाइमला डबल दर द्यावा असं कायद्यात लिहिलं आहे. आमच्या फाटकातून तो कायदा अजून आत आलेला नाही.

हिशोब इथं संपायला पाहिजे होता. पण बायकोनं एक ओळ आणखी सांगितली. म्हणाली, "आन् तुमची कविता? थे तुमी माह्या झोपंवर लिहिता. थे बी मांडा."

मी मांडतो. जेवण झालं की मी वही घेऊन बसतो. ती भांडी घासते, पीठ चाळते, उद्याचं निवडते. सरकारची २०२४ ची वेळेची पाहणी आहे, ज्या बाया घरकाम करतात त्या दिवसाला सरासरी २८९ मिनिटं करतात आणि जे पुरुष करतात ते ८८ मिनिटं. मी अठ्ठ्याऐंशीतही नव्हतो. मालक माझे चार तास खातो म्हणून मी ओरडतो, आणि घरात मी कोणाचे खातो? येसकराची भाकर गावाला फुकट दिसत होती. तशी मला बायकोची भाकर फुकट दिसत होती.

आपल्या बायांनी हे आधीच ओळखलं होतं. २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची परिषद झाली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बाबासाहेब हजर होते. गिरण्यांत, विडी कारखान्यांत राबणाऱ्या बायांना वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, महिन्याची हक्काची रजा, म्हातारपणी पेन्शन पाहिजे, असे ठराव त्यांनी केले. म्हणजे आपल्या वेळेला किंमत आहे हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी जाहीर सभेत सांगितलं. आम्ही त्यांच्या पोरानातवांनी त्या परिषदेचा फोटो विहारात लावला आणि घरी येऊन ताटावर बसलो.

मी अजून सही केलेली नाही. आमच्या पाळीचे अकरा जण आहोत, नऊ जणांनी केली नाही. या रविवारी विहारात बसणार आहोत. बायकांनाही बोलावलं आहे, कारण पाळीचा प्रश्न चुलीचा आहे आणि चुलीचं त्यांना जास्त समजतं. मागणी एकच आहे, नऊ तासांची पाळी आणि त्यावरच्या प्रत्येक तासाला कायद्याचा दर. काम जाऊ शकतं. तेही वहीत मांडलं आहे.

मधल्या काळात मी भाकर थापायला शिकतो आहे. पहिल्या दिवशी परातीतच फाटली. माय हसली, म्हणाली, "पीठ मळाले टाइम दे बापू, घाई नोको करू." आता तव्यावर जाते, पण फुगत नाही. लेक खाते. काही म्हणत नाही.