जूनची परीक्षा, नोव्हेंबरचा अर्ज

अमेरिकेत १९०० सालापर्यंत जवळपास प्रत्येक नामांकित कॉलेज आपली वेगळी प्रवेशपरीक्षा घेई. लॅटिन आणि ग्रीकमधले कोणते उतारे वाचून यायचे, हेसुद्धा ज्याचे त्याचे निराळे. एकाच वर्गातल्या मुलांना पाच-सहा कॉलेजांसाठी तयार करताना शिक्षक मेटाकुटीला येत. हार्वर्डचे चार्ल्स एलियट आणि कोलंबियाचे निकोलस मरे बटलर यांच्या पुढाकाराने सामाईक परीक्षेसाठी 'कॉलेज एंट्रन्स एक्झामिनेशन बोर्ड' स्थापन झाले. जून १९०१ मध्ये ९७३ विद्यार्थी पहिल्या परीक्षेला बसले. उत्तरे सविस्तर लिहायची होती आणि शिक्षकांनी ती कोलंबियात एकत्र बसून हाताने तपासली. यातला जून महिना महत्त्वाचा. शाळेचे शेवटचे वर्ष पुरते संपले की परीक्षा, आणि सप्टेंबरात कॉलेज. पुढच्या शतकात परीक्षेचे स्वरूप बदलले त्याची चर्चा खूप झाली. तारीख अलीकडे सरकत गेली तिची मात्र फार कमी, आणि विद्यार्थ्यांच्या आयुष्यावर परिणाम तिचाही तेवढाच झाला.

नव्या स्वरूपाचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट यर्क्स यांच्या देखरेखीखाली सुमारे १७ लाख सैनिकांच्या बुद्धिचाचण्या झाल्या. त्या कामातले एक तरुण सहकारी कार्ल ब्रिगम पुढे प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाले आणि बोर्डासाठी त्यांनी नवी चाचणी रचली. २३ जून १९२६ रोजी आठ हजारांवर विद्यार्थ्यांनी ती दिली. दीड तासाच्या आसपास वेळ आणि प्रश्न ३१५. विरुद्धार्थी शब्द, संख्यामालिका, साधर्म्ये, उताऱ्याचे आकलन, आणि एक विभाग तर बनावट भाषेचा: तिचे शब्द आणि नियम तिथल्या तिथे द्यायचे आणि त्यावरून भाषांतर करवून घ्यायचे. हीच पहिली सॅट. ब्रिगम यांनी १९२३ मध्ये उत्तर युरोपीय वंशाच्या बौद्धिक श्रेष्ठत्वाचा दावा करणारे पुस्तक लिहिले होते. १९३० मध्ये त्यांनी स्वतःच तो निष्कर्ष निराधार म्हणून मागे घेतला. आपलीच चाचणी ही जन्मजात बुद्धीची मोजणी नव्हे, असेही ते पुढे मानू लागले. ही कबुली त्यांच्या दाव्याइतकी दूर पोहोचली नाही, हे दुर्दैव.

सॅटला खरे बळ मिळाले हार्वर्डमध्ये. १९३३ मध्ये अध्यक्ष झालेल्या जेम्स कॉनंट यांना पूर्वेकडच्या श्रीमंत खासगी शाळांच्या पलीकडची मुले शिष्यवृत्ती देऊन आणायची होती. ओहायो किंवा इलिनॉयमधल्या अनोळखी शाळेचे गुण कसे पारखायचे? त्यांचे सहकारी हेन्री चॉन्सी यांनी सॅट सुचवली, कारण ती विशिष्ट पाठ्यक्रमावर बेतलेली नव्हती. गुणपत्रिका बाहेरच्या मुलासाठी दार उघडेल, हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता.

हजारो उत्तरपत्रिका तपासायचा प्रश्न मिशिगनमधल्या रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या शाळाशिक्षकाने सोडवला. लहानपणी त्याने मोटारीच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीच्या रेघा ओढण्याची खोडी केली होती. रेघांमधून वीज भलतीकडे वाहून जाई आणि गाडी सुरूच होत नसे. पेन्सिलीतले ग्रॅफाइट वीज वाहून नेते, एवढ्या एका गोष्टीवर त्याने यंत्र बेतले: योग्य जागी काळी खूण असली की विद्युतमंडल पूर्ण होते आणि काटा गुण दाखवतो. आयबीएमने ही कल्पना विकत घेतली आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस '८०५' हे यंत्र बाजारात आणले.

तारखेला पहिला धक्का युद्धाने दिला. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि कॉलेजांनी उन्हाळ्यातही वर्ग चालवायचे ठरवले. जूनपर्यंत थांबायला सवड उरली नाही, म्हणून १९४२ ची लेखी परीक्षा रद्द होऊन एप्रिलच्या सॅटवरच प्रवेश झाले. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय कायमची झाली. १९४७ च्या डिसेंबरात एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस ही संस्था स्थापन झाली आणि चॉन्सी तिचे पहिले अध्यक्ष झाले. गुण तेव्हा फक्त शाळा-कॉलेजांना कळत. विद्यार्थ्याला स्वतःचा स्कोअर पाहायला मिळू लागला तो १९५८ पासून. दुसऱ्याच वर्षी आयोवातून एसीटी ही प्रतिस्पर्धी परीक्षा सुरू झाली.

युद्धानंतर एकेक विद्यार्थी अनेक ठिकाणी अर्ज करू लागला आणि कॉलेजांचे गणित बिघडले. समजा जागा हजार आहेत. प्रवेश हजारांनाच दिला तर त्यातले निम्मे दुसरीकडे जातील. दोन हजारांना दिला आणि सगळे आले तर वसतिगृहात खाटा पुरणार नाहीत. यावर हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनने एक खासगी वाट काढली होती. त्यांचे अधिकारी ठरावीक शाळांना भेट देत आणि मुलांना अ, ब, क अशी अक्षरे देत. 'अ' म्हणजे प्रवेश जवळजवळ पक्का. ज्या शाळेत हे अधिकारी कधी फिरकलेच नाहीत, तिथल्या मुलाला अशी व्यवस्था असते याची गंधवार्ताही नसे. इतर कॉलेजांनी १९५०च्या दशकात उघड मार्ग धरला, 'अर्ली डिसिजन'चा: विद्यार्थ्याने एकाच कॉलेजात लवकर अर्ज करायचा, निकाल लवकर घ्यायचा आणि प्रवेश मिळाल्यास तिथेच जायचे. १९७०च्या दशकात 'अर्ली अ‍ॅक्शन' आली. तिच्यात निकाल लवकर मिळतो, पण बंधन नसते.

साधारण १ नोव्हेंबरची मुदत आणि डिसेंबरच्या मध्यात निकाल, हा शिरस्ता पडला. त्यामुळे सॅटचे गुण ऑक्टोबरपर्यंत हाती हवेत, म्हणजे पहिला प्रयत्न अकरावीतच हवा, म्हणजे तयारी दहावीत. बंधनकारक अर्जावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. कॉलेजासाठी हा सौदा उत्तम: एक प्रवेश, एक भरलेली जागा. पण ज्या घराला तीन-चार कॉलेजांची आर्थिक मदत शेजारी ठेवून आकडे ताडून पाहायचे आहेत, त्याने एप्रिलपर्यंत थांबणेच शहाणपणाचे. १९९०च्या दशकात क्रमवारीच्या याद्यांचे वजन वाढले, तशी लवकरच्या अर्जांची लाट उसळली. ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी २००३ मध्ये पुस्तकात मांडले की लवकर अर्ज केल्याचा लाभ सॅटच्या सुमारे १०० गुणांइतका असतो. अनोळखी मुलाला पुढे आणण्यासाठी जी फूटपट्टी आणली, तिच्याच १०० खुणा आता केवळ तारीख साधणाऱ्याला मिळत होत्या, हे मनाला लागणारे आहे. हार्वर्डने २००६ मध्ये लवकरचे अर्ज बंद केल्याचे जाहीर केले, प्रिन्स्टननेही तेच केले. पण बाकीची कॉलेजे थांबली नाहीत आणि २०११ मध्ये दोघांनीही ती पद्धत परत आणली, बंधन मात्र घातले नाही.

गुण पाठवण्याची सक्ती मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने १९६९-७० मध्येच काढली होती. करोनाकाळात परीक्षाकेंद्रे बंद पडली आणि २०२० मध्ये बहुतेक सगळ्यांनी तोच मार्ग धरला. त्यातून नवा पेच निघाला: आपले गुण पाठवावेत की झाकून ठेवावेत? डार्टमथच्या प्राध्यापकांना अभ्यासात आढळले की गरीब घरातली कित्येक मुले असे गुण पाठवत नव्हती, जे त्यांच्या परिस्थितीकडे पाहता त्यांना उपयोगी पडले असते. एमआयटीने २०२२ मध्ये, तर डार्टमथ, येल, ब्राउन आणि हार्वर्ड यांनी २०२४ मध्ये सक्ती पुन्हा लागू केली. कॅलिफोर्निया विद्यापीठ मात्र गुण पाहतच नाही.

भारतात सॅट मार्च २०२३ पासून संगणकावर होते: ९८ प्रश्न, २ तास १४ मिनिटे. मुंबई-पुण्याच्या मुलांसाठी नोव्हेंबरची मुदत दिवाळीच्या आसपास येते. २०२४ मध्ये तर १ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन होते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याच्या हाती तेव्हा दहावीची गुणपत्रिका, अकरावीचे गुण आणि सॅटचा स्कोअर एवढेच असते. डिसेंबरात अमेरिकेतला निकाल लागतो आणि बारावीची लेखी परीक्षा त्यानंतर फेब्रुवारीत सुरू होते.