हार्टलपूलच्या धक्क्यावरचं मुंबईचं जहाज

माझे आजोबा तांडेल होते. मंगलोरी कौलं भरून त्यांचं गलबत मुंबईला यायचं आणि पावसाळ्यात आमच्या खाडीच्या काठी शाकारून ठेवलेलं असायचं. आजोबा गेल्यावर ते कुणाला नको झालं. मोडलं, आणि त्याचं लाकूड दोन पावसाळे आमच्याच चुलीत जळलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण लाकडी जहाजाबद्दल मी तटस्थपणे बोलू शकेन असं मला वाटत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये भाच्याकडे इंग्लंडला गेलो होतो. तो न्यूकॅसलला नोकरी करतो. एका रविवारी म्हणाला, ‘‘मामू, चला, तुम्हाला मुंबई दाखवतो.’’ आगगाडीनं तासाभरात हार्टलपूल आलं. तिथल्या गोदीत तीन डोलकाठ्यांचं एक काळं-पांढरं जहाज पाण्यावर उभं होतं. नाळेवर कोरलेला पुतळा डोक्याला पागोटं बांधलेल्या माणसाचा. उत्तर समुद्राच्या त्या थंड वाऱ्यात हा आपल्याकडचा गृहस्थ एकटाच.

जहाजाचं नाव ‘ट्रिंकोमाली’. नाव श्रीलंकेतल्या बंदराचं, जन्म मात्र मुंबईचा. आज ब्रिटनमध्ये पाण्यावर तरंगणारी ही सर्वांत जुनी युद्धनौका. नेल्सनची ‘व्हिक्टरी’ हिच्याहून जुनी, पण ती कोरड्या गोदीत बसलेली आहे.

नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधलं ओकचं लाकूड कमी पडू लागलं होतं. मुंबईच्या गोदीत सुरतेहून आलेल्या वाडिया घराण्याचे पारशी कारागीर मलबारी सागाची जहाजं बांधत होते. १८१२ साली ब्रिटिश आरमारानं या फ्रिगेटची मागणी नोंदवली आणि नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून पाठवले. त्याच वर्षी २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’नं ‘जावा’ला गाठलं, जिंकलं आणि नंतर जाळून टाकलं. नकाशे गेले. गंमत अशी, की ‘कॉन्स्टिट्यूशन’ आजही बोस्टनला पाण्यावर आहे, आणि अजून तरंगणाऱ्या युद्धनौकांमध्ये वयानं ‘ट्रिंकोमाली’च्या पुढे तेवढी तीच आहे!

नकाशे पुन्हा आले, आणि १८१६ साली लवजी वाडियांचे नातू जमशेटजी बमनजी यांनी काम सुरू केलं. जहाजाच्या कण्यात, ज्याला आमच्याकडे पठाण म्हणतात त्यात, पारशी रिवाजाप्रमाणे चांदीचा खिळा ठोकला गेला. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी जहाज पाण्यात उतरलं. ही तारीख वाचून मी थबकलो. त्यानंतर बरोबर चोवीस दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाई कोसळायला लागली. शाळेत आपण खडकी शिकतो. त्याच महिन्यात मुंबईत काय चाललं होतं, हे मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही.

आत शिरलो. खालच्या मजल्यावर भाच्याला मान वाकवूनच चालावं लागलं. या जागेत तीनशेच्या आसपास माणसं राहायची आणि झोळ्यांत झोपायची. तोफांपेक्षा मी फळ्यांचे सांधेच जास्त पाहत होतो. सांध्यांत काथ्या-कापूस ठोकून पाणी अडवण्याच्या कामाला कोकणात कलाफत म्हणतात. अरबीतून आलेला शब्द. हे काम करणारे, फळ्या तासणारे, ओंडके ओढणारे असे कितीतरी हात या जहाजाला लागले असतील. जमशेटजींचं नाव राहिलं, आणि ते राहायलाच हवं होतं. बाकीच्यांची नावं मला तिथे कुठे दिसली नाहीत.

आणि हा साग आला कुठून? मलबारच्या जंगलातून. १८०६ साली कंपनीनं कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला तिथला वनसंरक्षक नेमलं. आरमारासाठी साग हवा म्हणून त्यानं लाकडाचा मक्ता सरकारच्या हाती घेतला. ज्यांची जंगलं होती त्यांनाच आपल्या झाडाला हात लावता येईना. ओरड इतकी झाली की १८२३ साली टॉमस मन्रोनं ही व्यवस्था मोडीत काढली. तोवर जवळचा चांगला साग संपत आला होता. पुढे १८४० च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड करावी लागली. एवढ्या देखण्या जहाजात उभं राहून हे आठवणं बरं वाटत नाही, पण आठवलं.

१८१९ च्या जानेवारीत इंग्लंडला जाताना हे जहाज सेंट हेलेनाला थांबलं आणि तिथून जॉन स्टोको या डॉक्टरला घेऊन निघालं. त्यानं नुकतंच कैदेतल्या नेपोलियनला तपासलं होतं. एप्रिलअखेर जहाज पोर्टस्मथला पोचलं, पण तोवर युद्ध संपून चार वर्षं होत आली होती! ज्या नेपोलियनसाठी सगळा खटाटोप केला, तो बेटावर आजारी. जहाजावर छप्पर घातलं आणि पाव शतकाहून जास्त काळ ते नुसतं उभं केलं. ओकचं असतं तर कदाचित कुजलं असतं. ओकमधल्या आम्लानं लोखंडी खिळे गंजतात, सागातल्या तेलानं ते टिकतात.

१८४७ पासून ते प्रत्यक्ष कामाला लागलं. आधी अटलांटिकमध्ये, नंतर पॅसिफिकमध्ये. १८५६ साली व्हँकुव्हर बेटावरच्या कावचन लोकांना धाक दाखवायला याचे खलाशी उतरवले गेले. एका गोऱ्यावर गोळी झाडली म्हणून तिथल्या एका माणसाला फाशी दिली. कुठला साग, कुठली माणसं!

१८९७ साली जहाज मोडीत विकलं गेलं. आमच्या गलबतासारखंच व्हायचं, पण जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थानं ते विकत घेतलं, ‘फूद्रॉयां’ असं नाव दिलं आणि त्यावर मुलांना समुद्राचं शिक्षण सुरू केलं. १९८६ पर्यंत ते चाललं. १९८७ साली जहाज तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणलं. दुरुस्ती २००१ पर्यंत चालली आणि तिला एक कोटी पौंडांवर खर्च आला. तरी निम्म्याहून जास्त लाकूड मूळचंच आहे. इकडे मुंबईत ती गोदी नौदलाच्या ताब्यात, लायन गेटच्या आत. तुम्हाआम्हाला सहज जाता येत नाही.

तळाशी उतरलो. तिथं एका बाकावर, म्हणजे जहाजाच्या फासळीवर, हात ठेवला. गार, गुळगुळीत. भाच्यानं विचारलं, ‘‘मामू, तुमच्या आजोबांच्या गलबताचं नाव काय होतं?’’

मला आठवेना. इतकी वर्षं त्या गलबताबद्दल बोलतोय, आणि नाव आठवेना. स्टेशनवरून गावाकडे थोरल्या चुलतभावाला फोन लावला. तिकडे रात्र झाली होती, झोपेतून उठला. क्षणभरही न थांबता म्हणाला, ‘‘फतेह सलामत.’’ आणि मग, ‘‘का रे, काय झालं?’’