बाजारात सापडलेला चीड

नव्या वनस्पतीचा शोध म्हटले की डोळ्यांपुढे येते ते घनदाट अरण्य आणि हातात कोयता घेतलेला संशोधक. मेक्सिकोतल्या एका चीड वृक्षाची हकीकत मात्र गावच्या बाजारात सुरू होते. शिवाय त्याचा शोध लावणारा गृहस्थ आपल्यासारखाच दुसऱ्या देशातून येऊन स्थायिक झालेला. म्हणूनच ती मंडळाच्या वाचकांना सांगावीशी वाटली.

येझी झेदोव्स्की यांचा जन्म १९२६ साली ल्वूफ शहरात झाला. ते शहर तेव्हा पोलंडमध्ये होते, आज युक्रेनमध्ये आहे. महायुद्धाच्या होरपळीनंतर १९४६ साली, ऐन विशीत, ते मेक्सिकोला आले. तिथेच वनस्पतिशास्त्र शिकले आणि पुढे शिकवूही लागले. ज्या देशाने आसरा दिला त्याची झाडेझुडपे त्यांनी आयुष्यभर अभ्यासली. १९७८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा मेक्सिकोच्या वनस्पतिसृष्टीवरील ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो.

झाकातेकास राज्यातील हुचिपिला गावच्या बाजारात त्यांना खाण्यासाठी विकायला ठेवलेल्या पिन्योन बिया दिसल्या. पिन्योन म्हणजे आपल्या चिलगोज्याचे मेक्सिकन भावंड. दोन्ही चिडाच्याच बिया. मेक्सिकोत नेहमी मिळणारे पिन्योन एक-सव्वा सेंटिमीटरचे असतात. हे त्याच्या जवळजवळ दुप्पट होते. गिऱ्हाइकाने "वा, काय टपोरे आहेत!" म्हणून पाव किलो घेतले असते. झेदोव्स्कींना प्रश्न पडला, की इतकी मोठी बी असलेला चीड आपल्याला माहीत कसा नाही?

माझा व्यवसाय संगणकाचा. हजारो ओळींच्या नोंदींमधली एक विचित्र ओळ कोणाच्या नजरेत भरते? बाकीच्या ओळी कशा असायला हव्यात हे ज्याला पक्के ठाऊक असते, त्याच्याच. वेगळे ओळखायचे तर आधी नेहमीचे पाठ असावे लागते. मॅक्सिमिनो मार्टिनेझ यांनी मेक्सिकोच्या चिडांवर मोठा ग्रंथ लिहून ठेवला होता. त्या आधाराशिवाय 'हा यांपैकी नाही' असे ठामपणे म्हणणे अवघड गेले असते.

बियांचा माग काढल्यावर त्याच भागातल्या डोंगरात झाडे सापडली. नवी जाती जाहीर करायची तर केवळ पाहून भागत नाही. फांदी, पाने, शंकू आणि बिया गोळा करून वाळवायच्या, संग्रहालयात एक मूळ नमुना कायमचा ठेवायचा, जवळच्या जातींशी ताडून पाहायचे आणि लॅटिनमध्ये वर्णन छापायचे. लॅटिनचे हे बंधन १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत होते. नेहमीच्या पिन्योनला एका जुडीत दोन-तीन सुया असतात, याला पाच. त्याचा शंकू लिंबाएवढा, याचा वीतभर लांब आणि चांगलाच जड. भिजवलेल्या वालाची दोन दळे होतात. या बीच्या अंकुराला मात्र दोन डझनांपर्यंत बीजदले फुटतात. इतकी दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीत नोंदलेली नाहीत. १९६४ साली वर्णन प्रसिद्ध झाले आणि झाडाला मार्टिनेझ यांच्या आदरार्थ नाव मिळाले, 'पायनस मॅक्सिमार्टिनेझी'.

मग हा 'शोध' कोणाचा? हुचिपिलाची माणसे ते झाड आधीपासून ओळखत होती, त्याच्या बिया खात आणि विकत होती. तरीही झेदोव्स्कींचे श्रेय मला कमी वाटत नाही. गावाला झाड माहीत होते, पण ती शास्त्राला ठाऊक नसलेली वेगळी जात आहे हे गावात बसून कळण्यासारखे नव्हते. छापील वर्णन झाल्यामुळे इतरांना तपासता आले, शोधता आले, मोजता आले.

मोजल्यावर जे हाती आले ते काळजी वाटावी असेच होते. सुमारे ४०० हेक्टरांवर दोन ते अडीच हजार वाढलेली झाडे, बस्स. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात तर असे दिसले, की हा सारा समूह गेल्या हजार वर्षांत बहुधा एकाच बीपासून वाढला असावा. एवढासा समूह! एक मोठा वणवा पुरेसा आहे. गुरे रोपे तुडवतात, आणि ज्या बिया बाजारात जातात त्या रुजत नाहीत.

झेदोव्स्की २०२३ साली वारले. झाडाच्या शास्त्रीय नावात मार्टिनेझ आहेत आणि त्यापुढे वर्णनकर्ता म्हणून झेदोव्स्की. बिया वेचून बाजारात आणणाऱ्यांचे नाव कुठेच नाही. पण किती बिया वेचायच्या आणि किती झाडाखाली राहू द्यायच्या, हे दर वर्षी तेच ठरवणार आहेत. त्यांना त्या रानातून चार पैसेही मिळावेत आणि रानही टिकावे, अशी सोय झाली तरच या चिडाची पुढची पिढी उभी राहील.