अरुणा साईराम

अरुणा साईराम (जन्म: ३० ऑक्टोबर १९५२, मुंबई) या कर्नाटक संगीतातील ज्येष्ठ गायिका आहेत. वीणा धनम्माळ यांच्या घराण्यातील पदम् गायनाची परंपरा त्यांना टी. बृंदा यांच्याकडून मिळाली. महाराष्ट्रात त्यांची ओळख मुख्यतः कर्नाटक पद्धतीच्या मैफलीत मराठी अभंग गाणाऱ्या गायिका अशी आहे. २००९ साली त्यांना पद्मश्री आणि २०१८ साली मद्रास म्युझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा सन्मान मिळाला.

बालपण आणि मुंबईतील वातावरण

अरुणा यांचा जन्म मुंबईत स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबात झाला. आई राजलक्ष्मी सेतुरामन या स्वतः गायिका होत्या व त्यांनी आलत्तूर बंधूंकडे शिक्षण घेतले होते. अरुणा यांचे पहिले धडे आईकडेच झाले. वडिलांना संगीताची आवड होती आणि दक्षिणेतून मुंबईत येणाऱ्या कलावंतांचा या घरी राबता असे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोकरीधंद्यानिमित्त मुंबईला आलेल्या तमिळ, मल्याळी, कन्नड व तेलुगू कुटुंबांनी माटुंगा, शीव, चेंबूर या भागांत मंदिरे, भजनमंडळे, शाळा आणि संगीतसभा उभारल्या. १९५२ साली स्थापन झालेली षण्मुखानंद सभा ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. त्यामुळे कर्नाटक संगीताचे गंभीर शिक्षण चेन्नईबाहेरही घेता येईल अशी जी थोडी शहरे होती, त्यांत मुंबई होती. दुसरीकडे रस्त्यावर, आकाशवाणीवर आणि शेजारच्या घरांत मराठी भक्तिगीते व हिंदुस्थानी संगीत कानावर पडतच असे. अरुणा यांच्या गायनातील पुढच्या अनेक गोष्टींचे मूळ या दुहेरी श्रवणात आहे.

टी. बृंदा यांचे शिष्यत्व

टी. बृंदा (१९१२–१९९६) या वीणा धनम्माळ यांची नात आणि भरतनाट्यम् नर्तकी टी. बालसरस्वती यांची मावसबहीण. या घराण्याचा विशेष म्हणजे पदम् आणि जावळी हे प्रकार. सतराव्या शतकातील क्षेत्रय्या यांची तेलुगू पदे अतिविलंबित लयीत गायिली जातात. शब्द कमी, त्यांतील भाव बहुधा शृंगाराचा, आणि प्रत्येक स्वर गमकाने वेढलेला. असे गायन स्वरलिपीत पुरते उतरत नाही. गुरूसमोर बसून, ऐकून, पुन्हा पुन्हा म्हणूनच ते येते. बृंदा यांची शिस्त कडक होती आणि शिष्यांची निवडही काटेकोर. बालवयातच अरुणा त्यांच्याकडे शिकू लागल्या आणि हे शिक्षण दीर्घकाळ चालले.

पुढे त्यांनी इतरांकडूनही विद्या घेतली. वीणावादक के. एस. नारायणस्वामी हे मुंबईतच अध्यापन करीत. गमकांचे बारकावे अरुणा यांना त्यांच्याकडून मिळाले. एस. रामचंद्रन व ए. एस. मणी यांचेही मार्गदर्शन त्यांना लाभले. आवाजाच्या साधनेसाठी त्या एम. बालमुरलीकृष्ण आणि कंठतज्ज्ञ ऑयगेन राबिने यांच्याकडे गेल्या. कर्नाटक संगीतात आवाज ‘कमावण्या’चे स्वतंत्र शास्त्र हिंदुस्थानी परंपरेइतके रूढ नसल्याने हा निर्णय वेगळा ठरतो. त्यांच्या गायनातील भरदार खर्ज आणि मोकळा, खुला आकार यांमागे ही साधना आहे.

गायन

अरुणा साईराम यांच्या मैफलीची बांधणी पारंपरिक असते: आरंभी वर्णम् वा लहान कृती, मध्यभागी आलापना, निरवल व कल्पनास्वरांसह मुख्य कृती, कधी रागम्-तानम्-पल्लवी, आणि शेवटी ‘तुक्कडा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हलक्या रचना. त्यांची व्यापक लोकप्रियता मात्र या शेवटच्या भागाने घडवली. ऊत्तुक्काडु वेंकट कवी यांचा कालियामर्दनावरील तिल्लाना हा त्यांच्या नावाशी इतका जोडला गेला आहे की श्रोते त्याची फर्माईश हमखास करतात.

तुक्कड्यांना किती जागा द्यावी याबद्दल कर्नाटक संगीताच्या जाणकारांत मतभेद आहेत. धनम्माळ घराण्याचे संथ, अंतर्मुख पदम् आणि टाळ्यांच्या गजरातला तिल्लाना ही दोन टोके एकाच गायिकेत आढळावीत, याचे अनेकांना नवल वाटते. मात्र पदम् गाणे त्यांनी सोडलेले नाही, ही गोष्ट केवळ ध्वनिमुद्रिकांवरून त्यांना ओळखणाऱ्यांच्या बहुधा लक्षात येत नाही.

अभंग आणि तंजावरचा वारसा

कर्नाटक मैफलीतील अभंगाला मुंबईखेरीज आणखी एक, जुने कूळ आहे. सतराव्या शतकात व्यंकोजी राजे यांनी तंजावरला भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. या काळात तेथे समर्थ संप्रदायाचे मठ झाले, मराठी नाटके लिहिली गेली आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांची कीर्तने ऐकून तंजावर कृष्ण भागवतर (१८४७–१९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. ओवी, साकी, दिंडी ही मराठी वृत्ते तिच्यात रुजली. दक्षिणेच्या भजन संप्रदायातही विठ्ठलाची पदे गायिली जात राहिली. अर्थात सभागृहातील मैफलीत अभंग हे ठळक आकर्षण ठरण्यात अरुणा साईराम यांचा वाटा मोठा आहे.

त्या संत नामदेवांचा ‘तीर्थ विठ्ठल’ विशेष गातात. मराठी श्रोत्यांना हा अभंग राम फाटक यांच्या चालीत, भीमसेन जोशी यांच्या आवाजात परिचित आहे. टाळ-पखवाजाऐवजी मृदंगम् आणि हार्मोनियमऐवजी व्हायोलिन आले की त्याच शब्दांचा तोल बदलतो. तमिळ लिपीत महाप्राण व्यंजनांना स्वतंत्र चिन्हे नसल्याने दक्षिणेतील काही गायकांच्या अभंगोच्चारात ‘ठ’ आणि ‘ध’ निसटतात. मुंबईत वाढलेल्या अरुणा यांच्या बाबतीत ही अडचण आली नाही.

देशाबाहेरील कार्यक्रम व सन्मान

त्यांनी फ्रेंच गायक दोमिनिक वेलार यांच्यासह युरोपातील मध्ययुगीन धार्मिक गायन व कर्नाटक संगीत यांचे एकत्रित कार्यक्रम केले. २०११ साली लंडनच्या बीबीसी प्रॉम्स महोत्सवात त्यांचे गायन झाले. तमिळनाडू शासनाचा कलैमामणी, २०१४ सालचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि फ्रान्स सरकारचा कला व साहित्य क्षेत्रातील ‘शेव्हालिए’ हा किताब त्यांना मिळाला आहे. संगीत नाटक अकादमीच्या उपाध्यक्षपदीही त्यांनी काम केले. त्यांचे वास्तव्य चेन्नईत असते.