पोस्ट म्हणजे काय? एका शब्दाचे अनेक अर्थ

‘पोस्ट’ हा इंग्रजी शब्द मराठीत इतका रुळला आहे की अर्थाप्रमाणे त्याचे लिंगही बदलते. टपाल कार्यालय असेल तर ‘ते पोस्ट’, नोकरीची जागा किंवा फेसबुकवरचा मजकूर असेल तर ‘ती पोस्ट’.

टपाल, पद आणि चौकी हे अर्थ एकाच कुळातले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘ठेवलेले, नेमलेले’ असा आहे. युरोपात पूर्वी रस्त्यावर ठरावीक अंतराने नेमलेले घोडेस्वार पत्रे पुढे नेत, त्यावरून टपालाला हे नाव पडले. ‘गोलपोस्ट’मधला खांब मात्र वेगळ्या लॅटिन शब्दातून आला. ‘पोस्टमॉर्टम’मधला पोस्ट तिसराच, त्याचा अर्थ ‘नंतर’.

पत्त्यातील ‘मु. पो.’ मध्ये ‘मु.’ म्हणजे राहण्याचे गाव आणि ‘पो.’ म्हणजे त्या गावाचे टपाल जिथे येते ते पोस्ट. दोन्ही एकच असतील तरच ही अक्षरे जोडून लिहितात.

पत्त्यातला घोळ किती महागात पडतो, हे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला विचारावे! १९३६ मध्ये गांधीजी तेथे राहायला आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातले, गजानन महाराजांचे शेगाव रेल्वेमार्गावरचे आणि अधिक प्रसिद्ध. त्यामुळे गांधीजींची पत्रे भलतीकडे जाऊ लागली. अखेर १९४० मध्ये गावाचे नावच बदलून ‘सेवाग्राम’ करण्यात आले.