संरक्षण, सुरक्षितता आणि गुप्तता



जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. वरच्या अंगाला एखाद्या बंधाऱ्यास भेग पडली, तर ती दोन्ही काठांना वेळीच कळावी, याविषयी दुमत होणार नाही. कारखाना अणूचा असला, की मात्र हा साधा न्याय अवघड होऊन बसतो. मराठीचा जुना अध्यापक या नात्याने मला या अडचणीचे एक मूळ शब्दांत दिसते. शत्रूपासून राखणे ते संरक्षण. अपघातापासून राखणे ती सुरक्षितता. 'सुरक्षा' हा एकच शब्द आपण दोहोंसाठी योजतो आणि घोटाळा तेथेच होतो.

1962च्या अणुऊर्जा कायद्याच्या 18व्या कलमाने अणुप्रकल्पांविषयीची माहिती उघड करण्यास मनाई करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला होता. पुढे 1983 मध्ये अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले. डॉ. ए. गोपालकृष्णन हे त्याचे अध्यक्ष असताना, 1995 मध्ये, मंडळाने देशातील अणुप्रकल्पांच्या सुरक्षिततेविषयी सुमारे 130 मुद्दे नोंदविणारा अहवाल सिद्ध केला. तो गोपनीय ठरला. तो जाहीर व्हावा म्हणून बॉम्बे सर्वोदय मंडळ आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे त्यांना यश आले नाही. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 18वे कलम वैध ठरविले आणि अहवाल रोखून ठेवण्याचा सरकारचा विशेषाधिकार मान्य केला. नागरिकाला जाणण्याचा हक्क आहे, परंतु तो निरंकुश नाही, असा या निर्णयाचा आशय.

न्यायनिर्णयाचा आदर राखूनही एक शंका मनातून जात नाही. अणुइंधनाचा हिशेब शत्रूच्या हाती पडू नये, हे रास्तच. पण एखादी झडप गळते, हे शेजारच्या गावालाही कळू नये काय? 2005च्या माहिती अधिकार कायद्याने, गुप्ततेने होणाऱ्या रक्षणापेक्षा लोकहित मोठे असेल तर माहिती देता येईल, हे तत्त्व स्वीकारले. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने 1962च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. कायदा पालटला, तरी हा विवेक करण्याची जबाबदारी टळत नाही.

आपल्याच राज्यात, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे, अणुवीज प्रकल्प योजलेला आहे. म्हणून पांढुर्णा-सौंसरच्या मुलांनो, 'सुरक्षेसाठी गुप्त' असे कोणी म्हटले, तर नम्रपणे एवढेच विचारा : कोणापासून गुप्त, आणि कोणाच्या सुरक्षेसाठी?