संगणकाचे कॅबिनेट
संगणकाचे कॅबिनेट म्हणजे मदरबोर्ड, प्रक्रियक, हार्ड डिस्क, वीजपुरवठा संच इत्यादी भाग सामावून घेणारी पेटी होय. बोलीभाषेत या पेटीलाच अनेकदा 'सीपीयू' म्हटले जाते. वस्तुतः सीपीयू म्हणजे तिच्या आतील प्रक्रियक. ठेवण्याच्या पद्धतीनुसार कॅबिनेटचे उभे (टॉवर) व आडवे (डेस्कटॉप) असे दोन प्रमुख प्रकार आहेत.

इतिहास
१९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएम पीसीची पेटी आडवी होती व मॉनिटर सहसा तिच्यावरच ठेवला जाई. त्याच कंपनीच्या १९८७ च्या पीएस/२ मालिकेतील ६० व ८० ही प्रारूपे मात्र जमिनीवर उभी ठेवण्यासाठी बनवलेली होती. १९९० च्या दशकात टॉवरचा प्रसार वाढला. १९९५ साली इंटेलने मांडलेल्या एटीएक्स मानकाचा मदरबोर्ड (३०५ × २४४ मिमी) दोन्ही प्रकारच्या पेट्यांत बसवता येतो.

निवडीचे निकष
पेटी उभी की आडवी यापेक्षा तिच्या आत किती जागा आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. कमी उंचीच्या आडव्या पेटीत पूर्ण उंचीची विस्तार कार्डे सरळ बसत नाहीत. त्यामुळे कमी उंचीची कार्डे शोधावी लागतात व पर्याय मर्यादित होतात. अशा पेट्यांतील वीजपुरवठा संचही पुष्कळदा वेगळ्या आकाराचा असतो. तो बिघडल्यास बाजारात सहज मिळणारा नेहमीचा संच तेथे चालत नाही. खरेदीच्या वेळी या बाबीकडे सहसा दुर्लक्ष होते.

टॉवरमध्ये मोठे पंखे व जादा डिस्क बसवता येतात. मात्र त्यात मदरबोर्ड उभा असल्याने जड ग्राफिक्स कार्ड आडवे राहते आणि स्वतःच्या वजनाने खाली झुकू शकते. आडव्या पेटीत तेच कार्ड उभे राहत असल्याने हा प्रश्न येत नाही. जमिनीवरील टॉवरमध्ये धूळ अधिक शिरते, शिवाय फरशी पुसताना पाणी लागण्याचा धोका असतो. म्हणून तो चाकांच्या स्टँडवर ठेवतात. संगणकाच्या टेबलातील मागून बंद असलेल्या कप्प्यात ठेवल्यास गरम हवा तेथेच फिरत राहते.

हार्ड डिस्क उभ्या किंवा आडव्या अशा दोन्ही स्थितींत चालते. त्यामुळे हवेची छिद्रे झाकली जात नसतील, तर टॉवर आडवा ठेवूनही वापरता येतो. फक्त त्याची दिशा संगणक बंद करूनच बदलावी. सीडी ड्राइव्हचा ट्रे उभा होत असल्यास तबकडी अडकवण्यासाठी त्याला खुंट्या असाव्या लागतात.